स्ट्रोकनंतर ‘रिक्रिएशन थेरपी’: कायद्यात नाव आले, पण थेरपिस्ट पारखायचा कसा?

स्ट्रोकला चार महिने झाले आहेत. वडील काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात, डाव्या हातात थोडी ताकद आली आहे, बीपी आटोक्यात आहे. फिजिओथेरपिस्ट समाधानी आहेत. तरीही वडील दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. रोज संध्याकाळी मित्रांसोबत पत्ते खेळणारा माणूस आता कुणाचा फोनही घेत नाही.

तुमच्या घरी असे चित्र असेल तर “चालता येऊ लागले, आता पुढे काय?” हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. याच प्रश्नावर काम करणाऱ्या तज्ज्ञाला रिक्रिएशन थेरपिस्ट म्हणतात. भारतात या व्यवसायाचे नाव आता कायद्यात आले आहे. मात्र असा तज्ज्ञ शोधताना आणि त्याला फी देताना काय तपासायचे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हे काम नेमके काय?

रुग्णाचा वेळ घालवणे म्हणजे रिक्रिएशन थेरपी नव्हे. रुग्णाला आवडणारी गोष्ट, उदाहरणार्थ पत्ते, बागकाम, भजन, रांगोळी किंवा कॅरम, ठरवून उपचारासाठी वापरली जाते. पत्ते वाटताना कमकुवत हाताचा वापर होतो, पाने लक्षात ठेवताना स्मरणशक्तीला काम मिळते आणि समोर भिडू असल्याने बोलणेही होते.

फिजिओथेरपिस्ट मुख्यतः ताकद, तोल आणि चालणे यांवर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक अशी रोजची कामे पुन्हा शिकवतात; छंदांवरही ते काम करतात. रिक्रिएशन थेरपिस्टचा भर असतो रुग्णाला पुन्हा माणसांत आणि आवडीच्या कामात नेण्यावर. स्ट्रोकनंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते. त्यामुळे हा भाग दुय्यम मानून चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

२०२१ मध्ये संसदेने ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायदा केला. त्याच्या परिशिष्टातील व्यवसायांच्या यादीत कला, नृत्य आणि हालचालींवर आधारित उपचार करणाऱ्यांसोबत ‘रिक्रिएशनल थेरपिस्ट’ हे नाव आहे. या कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २,००० तासांचे, तर हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण लागते. म्हणजे दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर कुणी थेरपिस्ट ठरत नाही.

पण अंमलबजावणी रेंगाळली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. २०२५ मध्ये केंद्राने फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, आहारशास्त्र, डायलिसिस अशा दहा व्यवसायांचे क्षमतांवर आधारित अभ्यासक्रम जाहीर केले. त्या दहांत रिक्रिएशन थेरपी नव्हती.

अमेरिकेत या क्षेत्रासाठी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आहे. पदवीच्या मार्गाने येणाऱ्याला त्याआधी किमान १४ आठवडे, ५६० तास प्रत्यक्ष देखरेखीखाली काम करावे लागते. तिथेही सगळे आलबेल नाही. रिहॅब रुग्णालयात दाखल मेडिकेअर रुग्णाला रोज तीन तास उपचार लागतात, असा निकष आहे. २०१० पासून त्या तीन तासांत रिक्रिएशन थेरपी धरली जात नाही.

थोडक्यात, नुसते पदनाम पाहून आज तुम्हाला दर्जाची खात्री मिळत नाही. ती तुम्हालाच करून घ्यावी लागते.

उपयोग होतो का? पुरावा काय सांगतो?

पुरावा मिश्र आहे, आणि तो तसाच तुमच्यासमोर ठेवायला हवा.

- कॅनडातील क्युबेकमध्ये ६२ स्ट्रोक रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना घरी जाऊन विरंगुळ्याचे नियोजन शिकवले, त्यांचा सक्रिय छंदांतला सहभाग वाढला आणि नैराश्य कमी झाले. दुसऱ्या गटाकडे कार्यकर्ते फक्त गप्पा मारायला जात होते.
- ब्रिटनमधील २००१ च्या ४६६ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात मात्र छंदांवर भर दिलेल्या उपचारांचा मनःस्थितीवर किंवा स्वावलंबनावर स्पष्ट फायदा दिसला नाही.
- २०१६ च्या एका अभ्यासात १४१ रुग्णांपैकी निम्म्यांना व्हिडिओ गेमवर हाताचा सराव दिला आणि निम्म्यांना पत्ते, बिंगो, चेंडूचे खेळ. हाताच्या सुधारणेत गेम सरस ठरला नाही. महागडे यंत्र दाखवून कुणी भुरळ घालत असेल, तर हे लक्षात ठेवा.

म्हणून “छंदाने लकवा बरा होतो” असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. ही थेरपी औषधे, फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपीच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

चांगल्या थेरपिस्टला काय यायला हवे?

१. आधी माणूस समजून घेणे. पहिल्या भेटीत खेळ सुरू न करता त्याने विचारायला हवे: स्ट्रोकपूर्वी दिवस कसा जायचा? काय सोडून द्यावे लागले? त्यातले सर्वांत जास्त काय आठवते? कीर्तनात रमणाऱ्या आजींना रंगाची वही देणे हा उपचार नाही.

२. कामाचे टप्पे पाडणे. भजनी मंडळात परत जायचे तर अर्धा तास बसता येणे, एका हाताने टाळ वाजवणे, रिक्षात चढणे, मंदिराच्या पायऱ्या आणि तिथले स्वच्छतागृह, असा एकेक टप्पा त्याला दिसायला हवा.

३. स्ट्रोकमधील धोके ओळखणे. काही रुग्णांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली किंवा पटावरची डावी बाजू त्यांच्यासाठी जणू नसते. काहींना गिळताना ठसका लागतो, त्यांना कार्यक्रमात चहा-फराळ देणे धोक्याचे ठरते. कमकुवत हात ओढून किंवा काखेत धरून उचलल्यास खांदा दुखावतो. पडणे, फिट येणे, बीपी वाढणे अशा वेळी काय करायचे, हे त्याला पाठ हवे.

४. बोलता न येणाऱ्याशी संवाद. अफेजिया असलेल्या व्यक्तीची समज अनेकदा बोलण्यापेक्षा चांगली असते. हो-नाहीचे प्रश्न, चित्रे, खुणा आणि उत्तरासाठी थांबण्याची सवय लागते. मोठ्याने ओरडणे किंवा लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे, ही न शिकल्याची खूण आहे.

५. नैराश्य ओळखून पुढे पाठवणे. रुग्ण येत नाही म्हणून “आळशी आहेत” असे न म्हणता त्याने डॉक्टरांना कळवायला हवे.

६. मोजता येणारे उद्दिष्ट. “आनंदी ठेवू” हे उद्दिष्ट नव्हे. “सहा आठवड्यांत आठवड्यातून दोनदा कट्ट्यावर अर्धा तास बसणे” हे आहे.

७. मर्यादा जाणणे. औषध बंद करायला सांगणारा किंवा फिजिओथेरपी थांबवायला लावणारा थेरपिस्ट नको.

फी देण्यापूर्वी हे विचारा

- तुमचे मूळ शिक्षण काय आणि नोंदणी कुठे आहे? महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्य परिषदेकडे, तर स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. क्रमांक विचारायला संकोच करू नका.
- स्ट्रोकच्या रुग्णांसोबत कुणाच्या देखरेखीखाली काम केले आहे?
- आमच्या न्यूरॉलॉजिस्टशी आणि फिजिओथेरपिस्टशी तुम्ही बोलाल का?
- सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही, हे कसे ठरवणार?

शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळाले, तर मोठे पॅकेज आगाऊ घेऊ नका. विमा कंपनी हा खर्च देते का, हेही आधीच लेखी विचारा.

असा थेरपिस्ट मिळालाच नाही तर?

बहुतेक गावांत आणि लहान शहरांत तो मिळणार नाही. तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टला सांगा, “वडिलांना पुन्हा पत्ते खेळायचे आहेत, तेवढे ध्येय ठरवून द्या.” पाने उभी धरायला खाच पाडलेली लाकडी पट्टी पुरते. सुरुवात घरात, एका मित्रासोबत, पंधरा-वीस मिनिटे. थकवा दिसला की थांबा. रोज त्यांनाच निवडू द्या. स्ट्रोकनंतर घरातले सगळे निर्णय इतर घेऊ लागतात आणि तेच माणसाला आत कुठेतरी खचवते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक उडणे किंवा रडू येणे दिसले तर डॉक्टरांना भेटा. जगणे नको असे बोलणे आले तर त्याच दिवशी. तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे अचानक दिसले तर १०८ वर फोन करा किंवा लगेच सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

पुढच्या तपासणीला जाताना बीपीच्या नोंदींसोबत एक ओळ लिहून न्या: “आम्हाला पुन्हा अमुक करायचे आहे.” तुमच्या डॉक्टरांनाही त्या ओळीवरून पुढच्या उपचारांची दिशा ठरवता येईल.