किशोरदांच्या नावाने बार काढला, तर पैसे कोणाला द्यायचे?

समजा, डोंबिवली स्टेशनजवळ दहा टेबलांचा एक बार निघाला. भिंतीवर फक्त किशोर कुमार, स्पीकरवर फक्त किशोर कुमार. जपानमध्ये एकाच गायकाला किंवा बँडला वाहिलेले छोटे बार असतात. आपल्याकडे जमेल?

जवळचं उदाहरण जुहूचं. किशोरदांच्या 'गौरी कुंज' बंगल्याच्या आवारात विराट कोहलीने २०२२ मध्ये 'वन८ कम्यून' सुरू केलं. पुढच्याच वर्षी या साखळीमागच्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाने पीपीएलकडची गाणी लायसन्सशिवाय वाजवायला मनाई केली. पीपीएल म्हणजे म्युझिक कंपन्यांच्या वतीने रेकॉर्डिंगचं लायसन्स देणारी संस्था. हॉटेलात गाणं वाजवणं म्हणजे कायद्याने सार्वजनिक वापर. घरचं यूट्यूब किंवा स्पॉटिफाय तिथे चालत नाही.

रेकॉर्डिंगचा कॉपीराइट ६० वर्षांचा. म्हणजे 'आराधना' (१९६९) ची मूळ रेकॉर्डिंग २०२९ संपेपर्यंत फुकट नाही. शिवाय गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

आणि गायक? भारतीय कायद्यात कलाकारांचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीने. किशोरदा गेले १९८७ मध्ये. ज्याच्या नावावर गिऱ्हाईक येणार, त्याचंच नाव या हिशोबात सर्वात अशक्त.

हयात गायक निवडला, तर वेगळी पंचाईत. अरिजित सिंहच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्याचं नाव, आवाज, छायाचित्र परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरण्याला अंतरिम मनाई केली. पाटीवर नाव लावण्याआधी वकील गाठावा.

मग रेकॉर्ड नको, समोर गायकच उभा करू? गीतकार-संगीतकारांचे पैसे तरीही द्यायचे, वर पोलिसांचा परफॉर्मन्स परवाना. आणि इथे खरी गोची होते. ठाणे-कल्याण पट्ट्यात बार आणि गाणं एकत्र म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ऑर्केस्ट्रा बार. २००५ च्या डान्सबार बंदीनंतर अनेक बार त्याच वाटेने गेले. स्टेजवर जास्तीत जास्त चार बायका आणि चार पुरुष, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ ला ही स्त्री-पुरुष विभागणी रद्द केली. एकूण आठची मर्यादा ठेवली, पण आठही बायका असू शकतात.

निकाल आला, नजर मात्र तीच. तीच जुनी गाणी गडकरी रंगायतनला किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात म्हटली की गाणारी 'गायिका' असते, बारमध्ये रोज रात्री म्हटली की 'बारवाली'. सूर तेवढेच लागतात, हो. पण तिकीट काढून आलेला रसिक वन्स मोअर देतो, आणि बारमधली मुलगी स्टेशनवरून घरी जाताना कुठे काम करते ते सांगत नाही.