मारामारीचा खेळ आणि सोडतीचा खेळ

दिवाळीच्या सुटीत घरोघरी एक खटला चालतो. आरोपी चिरंजीव, फिर्यादी आणि न्यायाधीश दोन्ही तीर्थरूपच, आणि मुद्देमाल म्हणून पडद्यावर जपानी धाटणीची दोन चित्रे तलवारी उपसून एकमेकांवर तुटून पडलेली. पंचवटीत काय नि कॉलेज रोडवर काय, निकाल ठरलेला : "गोष्टीचे गेम हवे तर खेळ, पण ही नुसती मारामारी बंद!" हा निकाल साफ चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

'ग्रॅनब्लू फॅन्टसी'चेच उदाहरण घ्या. सायगेम्स या जपानी कंपनीने 2014 साली सुरू केलेला हा रोल-प्लेइंग गेम. आकाशात तरंगणारी बेटे, त्यांतून जहाज हाकणारा एक तरुण, वाटेत भेटणारे शेकडो सोबती. थोडक्यात, कधीच समाप्तीला न येणारी पोथी. तिच्यातली मोजकी पात्रे उचलून आर्क सिस्टिम वर्क्स या कंपनीने 2020 साली 'ग्रॅनब्लू फॅन्टसी व्हर्सस' हा फायटिंग गेम केला, आणि 2023 साली त्याची पुढची आवृत्ती 'रायझिंग' आली. तीर्थरूपांच्या न्यायाने यातला पहिला सोज्वळ आणि दुसरा उनाड.

आता त्या सोज्वळाच्या पोटात जरा डोकावा. खेळायला तो फुकट आहे. मात्र मनाजोगता सोबती हवा असेल तर सोडत काढायची, आणि सोडतीला पैसे मोजायचे. 2016 च्या आरंभी एका खेळाडूने एकच पात्र मिळावे म्हणून, लोक पाहत असताना, सोडतीवर लाखो येन उधळले. जपानात त्यावर असा गहजब झाला, की कंपनीला मर्यादा घालावी लागली : तीनशे सोडती काढल्या, की हवे ते पात्र निवडून घ्यावे. एका सोडतीचे तीनशे येन धरा, म्हणजे नव्वद हजार येन झाले! ही म्हणे मर्यादा. आपल्याकडे पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात. त्या दिवशीचा फड निदान स्वतःचे नाव तरी लपवीत नाही.

मारामारीच्या गेमचे तसे नाही. त्यातही नवी पात्रे वेगळे दाम देऊन घ्यावी लागतात, हा दोष आम्ही झाकीत नाही. पण दाम दिले की पात्र हाती येते, चिठ्ठी निघत नाही. आणि ते खेळवायला बोटे स्वतःचीच लागतात. 2020 च्या 'व्हर्सस'मध्ये एक डाव टाकला, की तोच पुन्हा टाकायला काही क्षण थांबावे लागे. सोप्या बटणाने टाकला तर जास्त, अवघड हातचलाखीने टाकला तर कमी. तालमीतल्या वस्तादाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय सामना दोन-चार मिनिटांत निकालात निघतो. पोथी मात्र रोज हजेरी मागते. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हे खरेच. पण ते 'गोष्टीच्या' गेमला माफ कसे?

2025 साली संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली आणि ई-स्पोर्टला मान्यता दिली. दिल्लीला जे दोन खाती वेगळी करता आली, ती आमच्या दिवाणखान्यात अजून एकाच वहीत मांडलेली आहेत.

राहिला 'नुसती' हा शब्द. या गेममध्ये शार्लोटा नावाची एक सरदारीण आहे. उंची वीतभर, डोक्यावर मुकुट केवढा थोरला! अंगाहून मोठा आव आणणारा तिचा स्वभाव तिच्या प्रत्येक उडीत दिसतो. फेरी नावाची मुलगी चाबूक घेऊन समोरच्याला चार हात दूरच ठेवते. गोष्ट सांगायला निवेदकच कशाला हवा? पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात रात्री मुखवट्यांची सोंगे निघतात, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग पुढे येते, आणि त्याच्या नुसत्या चालीवरून शेंबड्या पोरालाही कळते की हा कोण आला. मग देव-दानवांची झुंज लागते. अख्खे पुराण मागे ठेवून तेवढी झुंजच गावकरी जागून पाहतात. त्यांना कोणी रानटी म्हणालेच, तर ते शहरातले पांढरपेशे असतील.

आणि झुंज तेवढी उचलून घेण्याचा हा उद्योग जपान्यांनी शोधून काढलेला नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 साली रामायणातून 'लंका दहन' उचलले आणि 1919 साली कृष्णकथेतून 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झाली होती त्यांची स्वतःची लहानगी मुलगी मंदाकिनी. पोरीला ही मारामारी कशाला, असे म्हणणारे तीर्थरूप त्या घरी तरी नव्हते.