कामगंध आणि शिवाराची एकी

खेड तालुक्यांत व चाकणच्या आसपास बटाटा पिकविणाऱ्या आमच्या बंधूंस पाकोळीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १९०६ सालीं इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांतून ही कीड या देशांत शिरली, ती कायमचीच. उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांपाशीं मादी अंडीं घालते, अळी आंत शिरून गर पोखरते, आणि अरणींत रचलेला माल विकण्यापूर्वींच हातचा जातो.

हल्लीं या किडीवर कामगंधाचा उपाय सुचविला जातो. त्यांत सापळा आणि मीलनरोध या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यास शेतकऱ्याचे पैसे फुकट जातील, म्हणून आमचें मत येथें मांडीत आहों.

मादी पतंग नराला बोलाविण्यासाठीं अंगांतून एक गंध सोडते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बूटेनांट यांनीं १९५९ सालीं रेशमाच्या सुमारें पांच लाख माद्यांपासून असा गंध प्रथम वेगळा केला. हातीं आला तो अवघा कांहीं मिलिग्रॅम. हा गंध सापळ्यांत ठेवला म्हणजे नर सांपडतात. परंतु उरलेला एक नर अनेक माद्यांस पुरतो; म्हणून सापळा किडीची चाहूल देतो, बंदोबस्त करीलच असें नाहीं. मीलनरोधांत गंध साऱ्या शेतावर दरवळत ठेवितात. त्यामुळें नरास मादीचा माग लागत नाहीं, व तिचीं अंडीं निष्फळ होतात. अमेरिकेनें २०१८ सालीं आपल्या कापूस-पट्ट्यांतून गुलाबी बोंडअळीचें निर्मूलन झाल्याचें जाहीर केलें, त्यांतील अनेक उपायांपैकीं हा एक होता. आपल्या राज्यांतही कपाशीस असे गंधाचे दोरे बांधले गेले आहेत.

मात्र गंध कोणास मारीत नाहीं, हें मर्म ध्यानांत ठेवावें. शेजारीं मीलन झालेली मादी बांध ओलांडून आली, तर तिला तो अडवीत नाहीं. दोनशें एकरांच्या सलग पट्ट्याला कांठ थोडा आणि मध्य मोठा. दोन एकरांच्या तुकड्याला जवळजवळ सारा कांठच. चाकणच्या बाजूस तर कारखान्याची भिंत, तिच्यालगत बटाट्याचे दोन एकर, पुढें बिनशेती झालेला पडीक भूखंड, अशी शिवाराची स्थिति आहे. तेथें एकट्यानें गंध विकत घेणें म्हणजे फुटक्या मोटेनें पाणी काढणें होय.

म्हणून तुकड्यांच्या शिवारांत प्रथम बिनखर्चाचे उपाय कसोशीनें करावे. बटाट्यास मातीची भर नीट द्यावी, काढलेला माल रात्रीं शेतांत उघडा ठेवूं नये, किडका बटाटा बांधावर न टाकतां नष्ट करावा, आणि सापळा केवळ पाळतीस ठेवावा. मीलनरोधाचा प्रयोग आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारासारख्या ठिकाणीं, जेथें खरिपांत बटाट्याचें शेत शेताला लागून असतें, तेथें कीड थोडी असतांनाच साऱ्या गांवानें मिळून करावा. त्याची आखणी व मोजदाद राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें करावी, असा आग्रह आपल्या संघानें धरला पाहिजे.

बांधावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणें चालत आलीं. पाकोळीला मात्र बांध ठाऊक नाहीं. कारखान्यांनीं घेरलेली ही शेती टिकवावयाची असेल, तर किडीपुरतें तरी शिवार एक मानण्यावांचून आम्हांस दुसरा मार्ग दिसत नाहीं.