धूर चालकाच्या छातीत

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांस छेदतात. रावेर-यावलची केळी ट्रकांनीही उत्तरेकडे जातात. केबिनमध्ये धुराचा वास आला की चालक खिडकी उघडून पुढे निघतो. वस्तुतः दोष बहुधा इंजिन व सायलेन्सर यांमधील जोडाच्या गॅस्केटमध्ये असतो. तेथील काजळीचा डाग तो दाखवितो. तळाच्या भोकांतून, गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटक्या रबरातून धूर आत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. दुरुस्तीचा खर्च मालकाचा, श्वास चालकाचा. काम लांबते ते यामुळेच. ८ जून २०२५ पासून वातानुकूलित केबिनची सक्ती झाली, परंतु ती नव्या ट्रकांनाच. जुन्या ट्रकांचा बाहेर पडणारा धूर मोजला जातो. योग्यता-प्रमाणपत्र देताना केबिनमधलाही तपासला जावा.