इंजिन बदलताना

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी हा मार्ग बांधविला. दोन रुळांतील अंतर अवघे दोन फूट; वळणे तर इतकी अरुंद की, त्यांच्यासाठी जर्मनीतून खास वाफेची इंजिने आणावी लागली. त्यांची टोकाची चाके वळणाप्रमाणे किंचित सरकत असत. पुढे १९५० नंतरच्या दशकात डिझेलची इंजिने आली आणि कालांतराने वाफेची इंजिने निवृत्त झाली. इंजिन बदलले, परंतु रूळ दोन फुटांचेच राहिले आणि डोंगराची वळणेही तीच राहिली.

मुलांनो, संगणकावरील खेळांनाही इंजिन असते. चेंडू उसळणे, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या हे ओळखणे, पडद्यावर चित्र उमटविणे ही कामे प्रत्येक खेळासाठी पहिल्यापासून करावी लागू नयेत, म्हणून एकत्र बांधलेली तयार यंत्रणा म्हणजे गेम इंजिन. फावल्या वेळात खेळ रचणारे हौशी लोक बहुधा असे एखादे इंजिन घेऊन त्यावर आपला खेळ उभारतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘युनिटी’ या प्रसिद्ध इंजिनाच्या कंपनीने जाहीर केले की, ठरावीक मर्यादा ओलांडल्यावर, खेळ जितक्या वेळा लोकांच्या यंत्रांवर उतरविला जाईल तितक्या वेळांचे शुल्क द्यावे लागेल. मोठा गदारोळ उडाला. २०२४ मध्ये कंपनीने ते शुल्क रद्द केले. पण तोवर कित्येकांनी ‘गोडो’ नावाच्या इंजिनाची वाट धरली होती. अर्जेंटिनात जन्मलेले हे इंजिन २०१४ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. त्याची आतली रचना कोणीही वाचावी, हवी तर बदलावी!

इंजिन विनामूल्य असले, तरी बदल मात्र फुकट होत नाही. समजा, कोणी नेरळ-माथेरान गाडीचाच सपाट चित्रांचा खेळ रचला आहे. तुमच्या आलेखाच्या कागदावर ‘य’ अक्षाचे आकडे वरच्या दिशेने वाढतात, युनिटीतही तसेच. गोडोच्या अशा खेळात ते खालच्या दिशेने वाढतात. जुने आकडे जसेच्या तसे नेले, तर माथेरानकडे निघालेली गाडी डोंगर चढण्याऐवजी थेट जमिनीत शिरते! आज्ञाही बहुतेक नव्याने लिहाव्या लागतात, कारण नव्या इंजिनाची बोली निराळी असते.

एकच इंजिन धरून बसावे, असे काहींचे म्हणणे आहे. ते मला पटत नाही. दुसऱ्याच्या अटी कधी बदलतील, हे आपल्या हाती नसते. महिन्या-महिन्याला नवे इंजिन घेणाऱ्याचा खेळ मात्र कधीच पुरा होत नाही, हेही खरे. माझ्या मते, प्रश्न इंजिनाचा नसून रुळांचा आहे. खेळाचे नियम, चित्रे, शिटीचा ध्वनी हे खेळ रचणाऱ्याचे स्वतःचे रूळ होत. नियम केवळ इंजिनाच्या बोलीतच लिहिलेले असतील, तर ते तिथेच अडकतात. उलट जुम्मापट्टीला गाडी किती थांबेल, वॉटर पाइपच्या पुढील वळणावर वेग किती असावा, अमन लॉजला किती प्रवासी उतरतील, हे ज्याने साध्या मराठीत वहीत लिहून ठेवले आहे, त्याला नव्या इंजिनाजवळ बसून तीच वही पुन्हा उघडता येते.