पुणे-लोणावळा : एका दिवसाची सहल, सगळ्या घराची



नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे असले की आपल्या घरात महिनाभर आधी तयारी सुरू होते. गाडी कोणती, डबा किती दिवस टिकेल, रात्री अंथरूण कुठे टाकायचे, सगळे ठरलेले असते. जवळच्या सहलीचे मात्र तसे होत नाही. ‘लोणावळा काय, दोन तासांचा रस्ता’ असे म्हणत आपण उठतो आणि सगळा दिवस घाईगडबडीत जातो. निघायलाच नऊ वाजतात. दहा ठिकाणे पाहायची म्हणून एकही धड पाहून होत नाही. पोरे उन्हात कंटाळतात, म्हातारी माणसे थकतात. आणि लेणीच्या पायऱ्या सुरू होतात तिथे घरातली एक बाई म्हणते, ‘तुम्ही या जाऊन, मी बसते पिशव्यांजवळ.’ बहुतेक वेळा ही बाई म्हणजे पहाटे तीनला उठून सगळ्यांचा डबा करणारी आई, सासू नाहीतर थोरली सून असते.

म्हणून या आठवड्यात पुणे ते लोणावळा या एका दिवसाच्या सहलीची नीट आखणी करू. आखणीची कसोटी एकच ठेवू : पायथ्याशी कुणी एकटे बसून राहता कामा नये.

कोणत्या रस्त्याने, काय पाहायचे?

पुण्याहून लोणावळा सुमारे ६५ किलोमीटर आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता पिंपरी-चिंचवड, निगडी, देहूरोड, वडगाव, कामशेत असा जातो. याच रस्त्याने जावे. द्रुतगती मार्गाने लोणावळा लवकर गाठता येते, पण आपल्याला पाहायच्या जागा जुन्या रस्त्यालगत आहेत. शिवाय द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. घरातला एखादा मुलगा मोटारसायकलवर सोबत येणार असेल तर त्याचीही सोय याच रस्त्याने होते.

ठिकाणे तीनच धरावीत : देहूरोड, भाजे आणि कार्ला. दिवस उरला तर लोणावळ्याच्या बाजारात चहा आणि चिक्की. तळेगावचा बाबासाहेबांचा बंगला, लोहगड, धरणे हे सगळे एकाच दिवसात कोंबू नये. ते पुढच्या खेपेला ठेवावे.

सकाळी साडेसहाला गाडी हलली पाहिजे. साडेसातच्या सुमारास देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथे स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. मुलांना ही तारीख विहारात उभे राहून सांगावी. पुस्तकातली तारीख विसरते, जागेवर ऐकलेली सहसा विसरत नाही. वंदना करून, चहा-नाश्ता उरकून आठला पुढे निघावे.

कामशेत मागे टाकले की कार्ला फाटा येतो. फाट्यावरून एका अंगाला मळवली आणि भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ला. सकाळच्या गारव्यात भाजे पाहावे, दुपारी जेवण आणि विसावा, अडीच-तीनला कार्ला. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे. उतरत्या दुपारी कमानीतून आत उजेड येतो तेव्हा ते पाहण्यासारखे असते. पाचला खाली उतरावे आणि साडेआठ-नऊला घरी असावे. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते, हे विसरू नये. उशीर झाला तर लोणावळा सोडून द्यावे. चिक्की काय, वाटेवरच्या दुकानातही मिळते.

दिवस शक्यतो रविवार नसावा. पिंपरी-भोसरीकडे ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, त्यांनी मुलांची दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी गाठावी. कार्ल्याच्या चैत्यगृहाला लागूनच एकवीरेचे देऊळ आहे. नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेत तिथे कोळी, आगरी बांधवांची फार गर्दी असते. तीही आपल्यासारखीच कष्टकरी माणसे. त्यांच्या यात्रेत आपण अडचण करू नये आणि आपल्या म्हाताऱ्यांनाही रेटारेटीत घालू नये. म्हणून ते दिवस टाळावेत.

खर्चाचा हिशेब

जाऊन-येऊन आणि मधले फाटे धरून दीडशे किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी असेल तर दहा लिटर पेट्रोल लागेल. आजच्या भावाने ते हजार-अकराशे रुपयांचे होते. त्यात टोल, गाडीतळाचे पैसे आणि लेण्यांचे तिकीट धरावे. लेण्यांवर १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही.

गाडी भाड्याची असेल तर आधी एक गोष्ट विचारावी. बाहेरगावच्या दराने गाडी घेतली तर बरेच मालक दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे लावतात. आपण फिरणार दीडशे! म्हणून बारा तासांचा ठरावीक दर मिळतो का ते पाहावे आणि चालकाचा भत्ता, टोल त्यात धरला आहे की वेगळा, हे निघण्याआधीच लिहून घ्यावे. गाडी पिवळ्या पाटीची असावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते खरी, पण ती भाड्याने वापरताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. दोनशे रुपये वाचवायला जाऊन संसार उघड्यावर येऊ नये.

एवढेही परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते. भाजे तिथून चालत जाण्याजोगे आहे. आखणीचे बाकीचे नियम तेच.

गाडीत किती माणसे?

सात जणांच्या गाडीत अकरा जण बसवणे हा आपल्याकडे आपलेपणा समजला जातो. ‘पोरांना मांडीवर घेऊ’ असे म्हणत आपण पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर लेकरू बसवतो. गाडी करकचून थांबली तर आईच्या हातात ते राहत नाही, आणि समोरची हवेची पिशवी फुगली तर तिचा दणका लेकराला बसतो. जितक्या जागा तितकीच माणसे, सगळ्यांना पट्टा, मुले मागे. माणसे जास्त असतील तर अर्ध्यांनी लोकलने यावे. त्यात कमीपणा नाही. गाडी चालवणारा रात्रपाळी करून आलेला नसावा. गाडी स्वतःची असली तर निघण्याच्या आदल्या दिवशी चाकांची हवा, ब्रेक, दिवे आणि जादा चाक पाहून घ्यावे.

डबा कुणी करायचा?

हा प्रश्न बारीक वाटतो, पण सहल कुणाची होणार हे त्यावरच ठरते. चार घरांनी मिळून जायचे असेल तर वाटणी करावी. एका घराने चपात्या, दुसऱ्याने बटाट्याची सुकी भाजी, तिसऱ्याने शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लिंबू, चौथ्याने पाणी आणि फळे. आदल्या संध्याकाळी कणीक मळणे, भाजी चिरणे, बाटल्या भरणे ही कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावीत. कुणालाच जमत नसेल तर खानावळीतून चपात्या बांधून घ्याव्यात. ज्या बाईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही, तिला दुसऱ्या दिवशी दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी दाखवून काय उपयोग? ती गाडीत झोपणार आणि पायथ्याशी बसणार.

पिशव्यांसाठीही कुणाला राखण बसवू नये. डबे आणि कपडे गाडीतच कुलूपबंद ठेवावेत, किमती वस्तू घरीच ठेवाव्यात. वर नेताना पाण्याची बाटली, गोळ्या-औषधे आणि डोक्याला रुमाल एवढेच असावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी भाजे आणि कार्ला यांतले एकच लेणे निवडावे. कार्ल्याला गाडी अर्ध्या चढापर्यंत जाते, बाकीच्या पायऱ्या थांबत थांबत चढता येतात. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यासोबत घरातले कुणीतरी पाळीने बसावे. आणि चढताना सगळ्यांनी सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायाने चढावे. तरुण मुलांना हे जड जाते, पण एक दिवस शिकू द्या.

वर गेल्यावर काय पाहायचे?

भाज्याला २२ लेणी आहेत. त्यांचे काम इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचे मानतात. चैत्यगृहातले खांब किंचित आत कललेले आहेत. कारागिरांनी आधी लाकडाची घरे बांधली होती, तीच रीत त्यांनी दगडात उतरवली. जवळच दगडी स्तूपांचा एक समूह आहे. मुलांना सांगा, मोजा पाहू! लहानमोठे मिळून चौदा भरतात. ते तिथल्या थेरांच्या स्मरणार्थ कोरलेले आहेत आणि काहींवर त्यांची नावेही आहेत.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर, म्हणजे सव्वाशे फूट लांब आहे. आपल्या चाळीतल्या दहा-दहा फुटी बारा खोल्या एका ओळीत लावल्या तर एवढी लांबी होते, आणि हे सगळे अखंड डोंगरातून कोरून काढलेले. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर हत्तीवर बसलेली जोडपी. वर पाहिले की छताला लाकडाच्या फासळ्या दिसतात. ते मूळचे सागवान आहे. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. दारापुढे चार सिंहांचा स्तंभ आहे.

पण घरच्या माणसांना खास दाखवायचे ते भिंतींवरचे आणि खांबांवरचे लेख. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत ते कोरलेले आहेत. हे काम एकट्या राजाच्या खजिन्यातून झाले नाही. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे नाव तिथे आहे, तसे धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. त्याने दाराचे काम केले. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचे नाव आहे. आषाढमित्रा या भिक्षुणीचे आहे. यवनांची नावे आहेत. आणि महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला, तिच्या दानाचाही लेख आहे.

सुतार, अत्तरविक्या, भिक्षुणी आणि एका घरातली आई! दोन हजार वर्षांपूर्वी एका आईचे नाव या दगडावर कोरले गेले, आणि आज आपल्या घरातली आई त्याच डोंगराच्या पायथ्याशी चपला सांभाळत बसते, हे आपल्याला शोभत नाही. तिला हात धरून वर न्या. लेख वाचता येत नसला तरी चालेल. ‘इथे तुझ्यासारख्या एका आईचे नाव आहे’ एवढे तिला सांगा. मग सगळ्यांनी स्तूपासमोर पाच मिनिटे शांत बसावे. मनात असेल तर हळू आवाजात त्रिशरण म्हणावे. भिंतींवर नावे कोरू नयेत, मुलांना मूर्तींवर चढवून फोटो काढू नयेत, कचरा आपल्याच पिशवीत घालून परत आणावा.

पावसाळ्यात जपून

या भागाचा पावसाळा सुंदर असतो आणि तितकाच घातकही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे, एक बाई आणि चार मुले, वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. तो रविवार होता. दोन्ही ठिकाणी माणसे आपल्यासारखीच एका दिवसाच्या विरंगुळ्याला आलेली होती. वर डोंगरात पाऊस झाला की खालच्या ओढ्याला क्षणात पाणी चढते, पळायला वेळ मिळत नाही. म्हणून लेकरे सोबत असताना पाण्यात उतरायचे नाही आणि पुलावर गर्दी दिसली तर पाय ठेवायचा नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस चांगले. पायऱ्या कोरड्या असतात, ऊनही सोसते.

आज जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांनी वही-पेन घेऊन बसा. तारीख, माणसे, गाडी, पैसे, डबा अशी पाच कलमे लिहा आणि प्रत्येक कलमापुढे जबाबदार माणसाचे नाव घाला. मात्र लिहायला सुरुवात करण्याआधी, आजवर प्रत्येक सहलीत जी खाली बसून राहिली तिला विचारा, ‘तुला काय पाहायचे आहे?’ ती आधी ‘मला काय, तुम्ही ठरवा’ असेच म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. मग जे सांगेल ते वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

जयभीम!