नाव मोठे, पण कधीपासून?

पुण्याच्या कॅम्पातले 'बर्गर किंग' नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने भारतात पहिले दुकान थाटले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये. तरीही त्याच्या तीन वर्षे आधीच, २०११ मध्ये, तिने या पुणेकर उपाहारगृहावर दावा ठोकला होता. कंपनीच्या हातात नोंदणीचा कागद होता, १९७९ चा. पण इथे एकही बर्गर विकलेला नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने हा दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. या तीन आदेशांत पुण्याच्या न्यायालयाची दिशा आम्हाला योग्य वाटते.

नामांकित ब्रँडला जादा संरक्षण मिळायलाच हवे. १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर अंतर्वस्त्रांचा एक उत्पादक आला होता. खोक्यावर 'बेन्झ' हे नाव आणि वर्तुळात हातपाय फाकून उभी असलेली, तीन टोकांची मानवाकृती. मर्सिडीज बनवणारी कंपनी बनियन विकते, असे कोणा गिऱ्हाइकाला वाटले नसते. पण दुसऱ्याने कमावलेल्या लौकिकावर आयता धंदा करण्याचा तो प्रयत्न होता आणि न्यायालयाने तो रोखला, हे उत्तम झाले. पुढे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम २९(४) ने हेच तत्त्व कायद्यात आणले. माल वेगळा असला तरी नावाचा गैरफायदा घेता येत नाही. मात्र त्या कलमातच अट आहे की चिन्हाचा लौकिक भारतात असला पाहिजे.

पुण्यातला वाद एकाच धंद्यातला असल्याने या कलमात थेट बसत नाही. पण मोठ्या ब्रँडचा युक्तिवाद तोच असतो, की आम्ही जगात प्रसिद्ध, म्हणून इथेही नाव आमचेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये टोयोटाच्या 'प्रियस' प्रकरणात हा युक्तिवाद नाकारला. ही गाडी जपानमध्ये १९९७ मध्ये आली, तर भारतीय सुटे भाग उत्पादक २००१ पासून ते नाव वापरत होता. त्या वेळी इथल्या गिऱ्हाइकाला ती गाडी ठाऊक होती, याचा पुरेसा पुरावा टोयोटाला देता आला नाही.

हीच कसोटी कॅम्पातल्या दुकानाला लावावी. ते सुरू झाले तेव्हा पुण्यात किती जणांना अमेरिकी 'बर्गर किंग' माहीत होते, हे कंपनीने पुराव्यानिशी दाखवावे. जिल्हा न्यायालयात हा दावा तेरा वर्षे रेंगाळला. एवढा काळ वकिलांची फी भरणे बहुराष्ट्रीय कंपनीला जड जात नाही, छोट्या दुकानदाराचे मात्र कंबरडे मोडते. म्हणून अपिलाची सुनावणी उच्च न्यायालयाने सलग घ्यावी आणि तोवर दुकानावरची पाटी हलवू नये.